बैठकीच्या खोलीचा घुमारा आवरताना

सदाशिव पेठेतली गाण्याच्या बैठकीची खोली: वीस फूट लांब, चौदा रुंद, दहा उंच. प्लास्टरच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींत आवाज फडफडायचा. रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा माइक लावून पाहिलं, तर ५०० हर्ट्‌झला आवाज ६० डेसिबलने उतरायला अडीच सेकंद लागत होते. गाण्याच्या छोट्या बैठकीला आम्ही ०.७ सेकंदाच्या आसपास धरतो.

लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट, ही खरी अडचण. खोलीच्या प्रत्येक मापाला काही ठरावीक सूर जास्त घुमतात, ते तिचे अनुनाद. लांबीचा दुसरा आणि उंचीचा पहिला अनुनाद, दोन्ही ५६ हर्ट्‌झवर पडतात. रुंदीचा दुसरा ८० वर, म्हणजे डग्ग्याच्या वाटेतच.

अशा खोलीला इंचभर फोम चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. फोम फक्त वरचे सूर खातो. तानपुऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट मरते, डग्गा तसाच घुमत राहतो. शिवाय साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी.

आम्ही घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर) घेतलं, ५० मिमी जाड, १२०० बाय ६०० चे चोवीस स्लॅब. त्यातले आठ स्लॅब भिंतींसाठी, सोळा कोपऱ्यांसाठी. चौकटींच्या पाइनच्या पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. भिंत आणि पॅनेल (चौकटीत बसवून कापडाने मढवलेला स्लॅब) यांच्यात ५० मिमी पोकळी हवीच. भिंतीला लागून हवा जवळजवळ हलतच नाही, आणि तंतूंना काम करायला हलती हवा लागते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीलाही त्याने वारा मिळतो.

कोपऱ्यांत दोन-दोन स्लॅब एकावर एक, तिरपे, आणि कापडाखाली ब्राउन पेपर. खालचे सूर आत शिरतात, वरचे परत येतात.

कापड दुकानातच तोंडाला लावून फुंकर मारायची. पलीकडे हाताला हवा लागली तर घ्यायचं. मांजरपाट चालतं, रेक्झिन नाही. स्टेपल आधी चारही बाजूंच्या मध्यावर, कोपरे शेवटी, नाहीतर झोळ पडतो. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या.

जागा ठरवायला आरसा. श्रोत्याच्या जागी एकाने बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवायचा. कलाकार दिसला की तिथे पॅनेल. बैठक जमिनीवर असते, म्हणून पॅनेलची खालची कड फरशीपासून दीड फुटावरच ठेवली. समोरासमोर न लावता आडवी-तिडवी मांडली, की फडफड जाते. गायकामागची भिंत मात्र उघडीच ठेवा, त्याला स्वतःचा आवाज मिळायला हवा.

परत मोजलं तर रिकाम्या खोलीत ०.९. तिथेच थांबलो, कारण वीस माणसं बसली की उरलेलं तीच पितात.

शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज याने कमी होत नाही. त्यासाठी दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखालची फट बंद करणं, हे वेगळं काम.