आमची वाटचाल : कळा मोजणारं माहेर

मिरजेत मी अकरा वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पेशंट कर्नाटकातूनही येतात, त्यामुळे ‘उसिर तगोरी’, म्हणजे ‘श्वास घ्या’, एवढं कानडी मला तिथंच आलं. अकरा वर्षांत दाराच्या आत आणि बाहेर काय चालतं ते रोज बघितलं. आत पोरगी उताणी, पलंगाची दांडी घट्ट धरून, आपल्याला नक्की काय होतंय हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. बाहेर बाकावर तिची आई, हातात चहाचा थर्मास. दार उघडायचं ते ‘ही औषधं आणा’ म्हणायला, नाहीतर मुलगा की मुलगी ते सांगायला.

२०१६ साली नोकरी सोडली आणि सांगलीत गावभागात तळमजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. चार सतरंज्या, दोन मोठे रबरी चेंडू, एक कापडी बाहुली. हे पतसंस्थेत नोकरीला, हिशेब त्यांच्याकडे. पाटीवर लिहिलं होतं, ‘बाळंतपणाची तयारी : जोडप्यांसाठी’. चार रविवार, जोडप्याला पंधराशे रुपये.

पाटीवरचा तो ‘जोडप्यांसाठी’ हा शब्दच आम्हाला वर्षभर नडला.

पहिल्या तुकडीत सहा जोडपी होती. आम्ही मन लावून शिकवलं. नवऱ्यांच्या मुठीत बर्फाचा खडा द्यायचा आणि मिनिटभर धरायला लावायचं, कारण ऐन भरातली एक कळ साधारण तेवढीच टिकते. पहिल्यांदा नुसता धरायचा, दुसऱ्यांदा लांब श्वास सोडत धरायचा. पहिल्या फेरीत एकानं विसाव्या सेकंदाला खडा टाकून दिला आणि बायकोकडे बघून ओशाळला. वर्ग असा रंगला होता. पण डोहाळजेवणं उरकली आणि मुली माहेरी गेल्या. कुणी बार्शीला, कुणी निपाणीला, कुणी थेट नांदेडला. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्या तेव्हा सहापैकी एकच नवरा बायकोजवळ होता. बाकीचे पाच एसटीत. श्वास कसा सोडायचा हे त्यांना चोख पाठ होतं, पण त्याचा उपयोग कुणाला?

उलट पुण्या-मुंबईहून आठव्या महिन्यात सांगलीला माहेरी आलेल्या मुली आमची पाटी वाचून पुढं जात होत्या. त्यांच्याबरोबर नवरा कुठं होता?

हे आमच्या डोक्यात आपोआप आलं नाही. अशीच एक मुलगी एकटी येऊन बसली होती आणि तिची आई बाहेर चपलांपाशी थांबली होती. आत गर्भाशयाचं तोंड कसं उघडतं ते चाललं होतं. मी पुठ्ठ्याच्या चकत्या दाखवायची, एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत. दहाची चकती उचलली तर दारातून आवाज आला, “अहो सिस्टर, पुरीएवढं म्हणा की!” मी म्हटलं, “काकू, आत या.” मग कंबर कशी दाबायची ते दाखवत होते. माकडहाडाच्या जरा वर, मनगटाजवळच्या तळव्यानं, कळ असेपर्यंत दाब सोडायचा नाही. नवऱ्यांना हे दहा वेळा सांगावं लागायचं, ते बोटांनी चिवडत बसायचे. काकूंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “कणीक मळतो तसं.” लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्याच खेपेला जागा बरोबर सापडली.

त्या आठवड्यात पाटी बदलली. ‘गरोदर मुलगी आणि तिच्यासोबत जो कुणी असेल त्याच्यासाठी’. लांबलचक आहे, रंगाऱ्यानं अक्षरामागे पैसे जास्त घेतले.

मागाहून कळलं की २०१६ सालीच केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबत राहू द्यायला मान्यता दिली होती. त्यात सोबतीण म्हणून स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई धरली होती, आमच्या काकूंसारखीच. आडोशाची सोय असेल तिथं नवराही चालेल. अखंड सोबतीचा फायदाही तपासलेला आहे. १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांवर बायकांचा आढावा २०१७ साली आला. सोबत असली की कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझेरियनही कमी होतात, असं त्यात दिसलं. हा कागद मी फाइलमध्ये ठेवते आणि डॉक्टरांना भेटायला जाताना नेते. काही डॉक्टर वाचतात. एका ठिकाणी मात्र ‘आमच्याकडे नातेवाईक आत चालत नाहीत’ म्हणून दारातूनच परत पाठवलं, आणि त्यांनाही मी पूर्ण दोष देत नाही. एकाच खोलीत तीन पलंग आणि मध्ये पडदा नाही, तिथं कुणाकुणाला आत घेणार?

आयांचं सगळंच सोपं होतं असं नाही. काही आया लेकीपेक्षा जास्त घाबरतात आणि तासाभरात डॉक्टरांमागे लागतात, “सिझर करून टाका, पोरीचे हाल बघवत नाहीत.” काही दुसऱ्या टोकाच्या, “आम्ही नाही का सोसलं?” म्हणणाऱ्या. दोघींनाही आम्ही आधी त्यांचं स्वतःचं बाळंतपण सांगायला लावतो. तीस वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. एक रविवार त्यातच जातो. ह्यांना वाटायचं वेळ फुकट गेला, मला नाही वाटत.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र माझीच होती. सुरुवातीला मी ‘नैसर्गिक बाळंतपण’ एवढंच घोकायची. एका मुलीनं सगळं मनापासून केलं आणि ऐनवेळी बाळाचे ठोके उतरले, सिझेरियन झालं. सव्वा महिन्यानं ती बाळ घेऊन आली आणि म्हणाली, “सिस्टर, मी नापास झाले.” बाळ गुटगुटीत, ती धडधाकट, आणि तोंडावर ही शरम. ती मी शिकवली होती. तेव्हापासून चारातला एक रविवार सिझेरियनचा आणि कण्यात देतात त्या भुलीचा. भूल कशी देतात, टाक्यांवर ताण न देता कुशीवर कसं वळायचं, बाळाला पाजायला कसं घ्यायचं. ‘नैसर्गिक’ हा शब्द आमच्या पत्रकात आता सापडणार नाही.

गर्भसंस्काराची विचारणा आठवड्याला चारदा होते. आम्ही ते घेत नाही. गाणी ऐका, स्तोत्रं म्हणा, मन शांत राहत असेल तर चांगलंच आहे. पण मूल हुशार निपजेल असं सांगून मी पैसे घेणार नाही. ह्यांचं मत, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक जातं. जातं खरं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या खोलीत कमरेच्या वर पाणी. सतरंज्या गेल्या, बाहुली गेली, चेंडू तेवढे तरंगत राहिले. मग विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आलो. बसतोय न बसतोय तोच लॉकडाऊन. वर्ग फोनवर घ्यावे लागले, आणि एसटीत बसून राहिलेला तो नवरा परत आला! पुण्यात एका खोलीत बसून तोही तोच वर्ग ऐकायला लागला, इकडे माहेरी आई लेकीची कंबर दाबतेय, आणि तो विचारतोय, “मी काय करू?” आम्ही त्याला काम दिलं : फोन उचलणं, गाडी, कागदपत्रं, आणि सगळ्या नातेवाइकांना लेकीपासून लांब ठेवणं. ते काम मोठं आहे. रविवारचा एक वर्ग अजूनही आम्ही तसाच घेतो.

मागच्या महिन्यात एका मुलीला आई नव्हती. वडील आले. निवृत्त पोस्टमन, चारही रविवार शर्ट खोचून. कंबर दाबायला अवघडले, ते काम आत्यानं केलं. त्यांनी मोजणी घेतली. दवाखाना जवळ असेल, पहिली खेप असेल आणि डॉक्टरांनी वेगळं काही बजावलं नसेल, तर कळा पाच-पाच मिनिटांवर, मिनिटभराच्या आणि तासभर तशाच चालू असल्या की निघायचं. पण पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर घड्याळ न बघता निघायचं, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. पहाटे पावणेपाचला त्यांचा फोन आला आणि पाठोपाठ फोटो. दुधाच्या वहीचं पान. वर ‘अर्धा लिटर, अर्धा लिटर, सुट्टी’. खाली त्याच निळ्या पेनानं ३.४०, ३.४५, ३.५०, ३.५४, आणि प्रत्येकापुढं सेकंद. ४.१० ला फक्त ‘पाणी प्यायली’ असं लिहिलेलं.

“सिस्टर, तास झाला. रिक्षा दारात आहे,” ते म्हणाले. “निघू ना?”