उलटी बाजू दाखव

आमच्या घरात कुणी काही भरलं, विणलं, शिवलं, की ते समोरून कुणी बघत नाही. हातात घेऊन आधी पालथं करतात. पाहुणे बिचारे दोन्ही हातांनी रुमाल पसरून दाखवत असतात आणि आमच्यातलं कुणीतरी खालून वाकून बघत असतं. ही खोड आज्जीची.

आज्जीचं माहेर विजापूरकडचं, सासर जत. आमच्या जतला कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. आज्जी रागवायची मराठीत आणि मोजायची कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. हे मोजणं कशिद्याचं असायचं. कसुती म्हणतात तो कशिदा. कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत. इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुर, रथ, हत्ती, पोपट, तुळशीवृंदावन. पेन्सिलीची रेघ नाही, छापा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्यावरच सुई चालवायची. एक धागा इकडचा तिकडे झाला की पुढचं गोपुर कलंडलंच.

टाके चारच. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुली, तिला पाठीमागून दोरा जास्त लागतो. नेयगी विणकामासारखी दिसते. मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. आणि गवंती, जिच्यावर आज्जीचा जीव. गवंतीत जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. परत येताना सोडलेली घरं भरायची. नीट जमलं तर सुलट आणि उलट बाजू हुबेहूब सारखी. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं शेपूट टाक्यांखाली दडवायचं.

मी सातवीत असताना पहिला पोपट भरला. समोरून झकास. आज्जीने पालथा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकच शब्द म्हणाली, “तप्पु.” चुकलं. पाठीमागे चोचीपासून शेपटीपर्यंत एक लांबलचक दोरा आडवा गेला होता. चोच भरून झाल्यावर मला शेपटीकडे जायचं होतं, मी सरळ उडी मारली होती.

“रस्ता आधी ठरवायचा असतो,” ती म्हणाली, आणि माझ्यादेखत सगळा पोपट उसवला. मी अर्धा तास कुणाशी बोलले नाही.

हा रस्ता म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. मी गणित शिकवते, तीस वर्षं झाली. एकदा नववीच्या मुलांना गंमत म्हणून गणिती ऑयलर आणि कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल यांचं कोडं सांगत होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतात का? येत नाहीत. पण प्रत्येक पूल दोनदा ओलांडायची परवानगी दिली तर नेहमीच येतात, आणि निघाला होता तिथे परतही पोचता. फळ्यावर हे लिहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. ही तर गवंती! प्रत्येक रेघेवरून सुई दोनदा जाते, एकदा वरून, एकदा खालून. मधे पोपटाचा पाय फुटला की आधी त्या पायात जाऊन यायचं, मग पुढे. पायात जाताना जितके टाके तितकेच परत येताना, म्हणजे बेरीज कायम सम, म्हणून मुख्य वाटेवरची वर-खाल बिघडत नाही. आज्जी दुसरी शिकलेली. तिला हे सिद्ध करायची गरज नव्हती, पण मला तिला हे सांगायचं होतं, आणि तोवर ती गेलेली होती.

शाळेतल्या शिवणाच्या तासाचा राग मात्र अजून आहे. वर्षाच्या शेवटी रुमाल द्यायचा असायचा. मी महिनाभर खपून दोन्ही बाजूंनी सारखं वृंदावन भरलं. बाईंनी सगळ्यांचे रुमाल डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीवर लावले. मला दहापैकी सहा. ज्या मुलीला नऊ मिळाले तिच्या रुमालामागे दोऱ्यांचं जंगल होतं, मी स्वतः बघितलं होतं. घरी येऊन रडले तर आज्जी माझ्यापेक्षा जास्त चिडली. सहा गुणांचं तिला काही नव्हतं. “चिकटवलं? डिंकानं?” एवढंच ती रात्री जेवेपर्यंत म्हणत राहिली.

आईचा पंथ वेगळा. ती साताऱ्याची, क्रोशाची. साखळी, खांब, मुका खांब, की झाली जाळी. आमचा रेडिओ, मिक्सर, पाण्याचा माठ, पुढे टीव्ही, सगळ्यांना आईने टोप्या घातल्या. तिचं म्हणणं, क्रोशात चूक झाली की दोरा ओढायचा, सर्रकन उसवतं, पुन्हा विणायचं, रडायचं काय त्यात? सासू-सुनेत यावरून बारीक धुसफूस असायची. आज्जी आईची जाळी पालथी करून बघायची आणि काही बोलायची नाही. आईच्या दृष्टीने ते न बोलणंच जास्त लागायचं.

बाबाही यातून सुटले नाहीत. ते दिवाळीला कंदील करायचे. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून, वर पतंगी कागद. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. एका वर्षी चांदणीचा कंदील खरोखर सुरेख झाला होता. आज्जीने खालून आत डोकावून बघितलं. आत खळीचे ओघळ होते. “बाहेरून बरा आहे,” ती म्हणाली. पुढच्या वर्षी बाबांनी आतूनही कागद लावला! उजेड निम्मा पडला, पण ओघळ दिसले नाहीत.

आता मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिने गवंती माझ्याकडून व्हिडिओ कॉलवर शिकली. नक्षी ती एक्सेलमध्ये काढते, एक चौकोन म्हणजे एक घर. हल्लीच्या गुळगुळीत कापडावर धागे मोजताच येत नाहीत, म्हणून वर जाळीदार मॅटी टाचायची, तिच्यावर भरायचं आणि मग मॅटीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. आज्जीच्या हिशेबाने ही कॉपी करून पास व्हायची रीत. मला काही वाटत नाही, माझे डोळेही आता मॅटीच मागतात. परवा तिने डेनिमच्या जॅकेटवर भरलेल्या हत्तीचा फोटो पाठवला. मी लिहिलं, उलटी बाजू? तिने अस्तराचा फोटो पाठवला. अस्तर शिवून टाकलं होतं कार्टीने.

आज्जीची चंद्रकळा, काळी इरकल, तिच्या मागे आईकडे आली. इरकलीचा रेशमी पदर आणि सुती अंग वेगवेगळ्या ताण्याचे असतात, फासे अडकवून जोडलेले. टोपतेणी म्हणतात त्याला. तो जोड टिकला, पण अंग विरत गेलं. एका उन्हाळ्यात आईने आणि शेजारच्या काकूंनी ओसरीत जुनी लुगडी पसरली आणि वाकळ घातली. खाली एक धड लुगडं, मधे विरलेल्यांचे थर, वर एक. कडेने सुरू करून धावदोरा आत आत न्यायचा, शेवटी मधोमध संपवायचा. मी तेव्हा सासरी होते. पदर कुठे गेला, असं नंतर विचारलं तर आई म्हणाली, “आत घातला. तेवढंच धड होतं, मग ऊब कशाची येणार?” मी दोन महिने तिच्याशी तुटक बोलत होते. कशिद्याचा पदर वाकळेच्या पोटात! नवरा म्हणाला, निदान कुणी चिकटवला तरी नाही.

ही वाकळ आता माझ्याकडे आहे. गेल्या थंडीत तिचा एक कोपरा उसवला. वरचं कापड हातभर फाटलं आणि आतून काळ्यावर लाल-पांढरं गोपुर बाहेर आलं. मी जमिनीवर बसून कितीतरी वेळ बघत होते. पदर आत कसा पडलाय, सुलट की उलट, ते कळेना. बोट आत घालून दुसऱ्या बाजूने चाचपलं, टॉर्च लावली, कापड वाकवून बघितलं. दोन्हीकडे तेच गोपुर, तोच कळस, एकही दोरा आडवा गेलेला नाही.

आई म्हणते ठिगळ लाव, नाहीतर आणखी फाटेल. मुलगी म्हणते लावू नको, मी येईपर्यंत थांब, मला मोजायचंय. तूर्त तिथे दोन सेफ्टी पिना लावून ठेवल्यात.