काच मात्र स्वच्छ होती

माझ्या गाडीतल्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीवर मास्किंग टेपची एक उभी पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर बॉलपेनने मारलेल्या आडव्या रेघा आणि प्रत्येकीपुढे तारीख. आजाऱ्याच्या उशाशी तापाचा तक्ता असतो ना, तसला प्रकार. रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना पातळीवर रेघ मारायची. तीन आठवड्यांत रेघ चार बोटं खाली उतरली आणि गाडीखाली जमिनीवर एक थेंब नाही.

गाडी बावीस वर्षांची आहे. या वयात थोडंफार पाझरणारच, असं म्हणून मी आधी दोन महिने नुसती वरून भर घालत राहिले. तो आळस होता, दुसरं काही नाही. जाग आली ती शेजारच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं लागलं तेव्हा.

दादाला फोन केला. त्याला गाड्यांतलं कळतं आणि आपल्याला कळतं हेही त्याला कळतं. "अगं, एसीचं पाणी असेल. त्याची निचऱ्याची नळी तुंबली की ते आत येतं." शक्यता खोटी नव्हती. पण एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं साधं पाणी, रंग नाही, वास नाही. मी पांढरा टिश्यू कार्पेटवर तळहाताने दाबून धरला. उचलला तर कडेला फिकट हिरवी झाक. दोन बोटांत चोळून पाहिलं, बुळबुळीत. आणि तो कूलंटचा गोडसर वास. दादा म्हणाला, जुने मिस्त्री चाखून बघायचे. मी म्हटलं, तू ये आणि चाख. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं नेमकी तेच चाटतात. तेव्हा ओलं दिसलं की आधी पुसून घ्यावं.

गाडीतल्या हीटरला स्वतःची वेगळी आग नसते. इंजिनात तापलेलं कूलंट दोन रबरी नळ्यांतून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येतं, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि परत जातं. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो, ती आपल्याला गरम लागते. म्हणजे ही एकच जागा अशी, की इथे गळती झाली तर पाणी रस्त्यावर न पडता आपल्या पायाशी येतं.

इथे माझा एक अडाणीपणा कबूल करते. मी पंधरा दिवस हीटरचा दट्ट्या 'थंड'कडे करून चालवलं, म्हणजे तिकडे पाणी जाणारच नाही! माझ्या गाडीत तो दट्ट्या फक्त हवेची झडप फिरवतो. कूलंट कोअरमधून सदासर्वकाळ वाहतच असतं. ज्या गाड्यांत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो तिथेही तो बहुधा येणाऱ्या नळीवरच असतो. जाणारी नळी उघडी, म्हणून दाब मागून पोचतोच.

मिस्त्रींनी दोन मिनिटांत निकाल दिला: हीटर कोअर गेला, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दादाचंही तेच मत. माझ्या डोक्यात तेवढ्यात हेड गॅसकेटचंही (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, ते फुटलं की कूलंट इंजिनात शिरतं) भूत होतं, पण ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, धुराड्यातून पांढरा धूर नव्हता, टाकीत बुडबुडे नव्हते. ते बाजूला ठेवलं. कोणीतरी गळती बुजवणारी पावडर सुचवली. तिला मी ठाम नाही म्हटलं. जी पावडर भोक बुजवते तीच कोअरच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि मग गळती जाते ती हीटरला बरोबर घेऊन.

डॅशबोर्ड उतरवायच्या आधी एकदा खात्री हवी होती, म्हणून हीटरच वगळून बघायचं ठरवलं. दोन्ही नळ्या पत्र्याजवळ काढायच्या आणि इंजिनाच्या बाजूची तोंडं एकमेकांना जोडून टाकायची. पहिली नळी मी पकडीने पिळून काढायला गेले आणि आतली धातूची नळी किंचित हलल्याचं हाताला जाणवलं. पोटात गोळा आला. ती वाकली किंवा चिरली असती तर नसलेलं दुखणं मीच तयार केलं असतं. मग ब्लेडने रबराला लांबीच्या दिशेने चीर दिली आणि सालीसारखं सोलून काढलं. वीतभर नळी जास्तीची होती, खराब टोक कापून टाकलं तरी पुरली.

आठ दिवस बिनहीटरची गाडी चालवली. आठ रेघा एकमेकींवर बसल्या. म्हणजे गळती हीटरच्याच बाजूला, यात शंका उरली नाही. मिस्त्री जिंकले असं वाटलं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. कोअर फुटला की ब्लोअर त्या ओलाव्याची वाफ थेट समोरच्या काचेवर मारतो. काच आतून तेलकट धुरकटते, पुसली तर फरकाटे उठतात. माझी काच लख्ख होती. बोट फिरवून पाहिलं, कोरडं. गळती केबिनमध्ये होती, पण हवेच्या वाटेत नव्हती.

प्रेशर टेस्टर मागून आणला. सायकलच्या पंपासारखा हातपंप, वर काटा. टाकीच्या झाकणाऐवजी तो बसवायचा आणि झाकणावर कोरलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा. माझ्या झाकणावर 1.2 बार आहे. हा दाब असतो म्हणूनच निम्मं पाणी-निम्मं कूलंट हे मिश्रण, जे उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळेल, ते सव्वाशेच्या पुढेही शांत राहतं. (म्हणूनच तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. झाकण निघताक्षणी ते सगळं उकळून अंगावर येतं.) नळ्या पुन्हा जोडल्या, गाडी चालवून आणली, कोमट झाल्यावर पंप मारला. काटा ढिम्म. पंधरा मिनिटं मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर गार पडलेल्या इंजिनावर पुन्हा मारला. दहा मिनिटांत काटा 1.2 वरून 0.8 वर.

गारठ्यात गळतं आणि गरम झालं की थांबतं! धातूचा कोअर असं सहसा वागत नाही, म्हातारं रबर वागतं. थंडीत ते आकसून कडक होतं, ऊब मिळाली की फुगून आपली जागा धरतं. पायाशी उताणी झोपले, कन्सोलच्या बाजूचं प्लास्टिक काढलं, टॉर्च तोंडात, हातात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा. पत्र्यातून येणारी नळी कोअरला मिळते तिथे एक क्लिप आणि तिच्या आत ओ-रिंग, म्हणजे जोड पाणीबंद करणारं रबरी कडं. जोडाच्या खालच्या बाजूला वाळलेल्या कूलंटची हिरवट-पांढरी खपली होती. त्या खपलीच्या टोकाशी एक थेंब हळूहळू जाड झाला, नळीच्या पोटाशी चिकटून बोटभर पुढे सरकला आणि मग पडला, जोडाखाली नाही, चांगला चार बोटं पलीकडे.

क्लिप काढल्यावर ओ-रिंग हातात आली ती वर्तुळ म्हणून नाहीच. नखाने दाबली तर खूण उठेना, वाकवली तर कट्कन मोडली. दोन्ही जोडांच्या बदलल्या, बसवण्याआधी नव्यांना कूलंटचं बोट लावलं. डॅशबोर्ड जागचा हलला नाही.

मिस्त्रींना मोडकी रिंग दाखवली. ते म्हणाले, "पण कोअरपण जुनाच आहे." तेही खरंच.

दुसऱ्या सकाळी टाकी पाहिली तर पातळी पुन्हा बोटभर खाली. क्षणभर बॉनेट आपटून आत जावंसं वाटलं. पण कार्पेट कोरडं होतं, आणि आदल्या दिवशी डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत होती. कोअरमध्ये हवा अडकलेली, ती निघाली तेवढी जागा पाण्याने घेतली. पुढचा भाग चढावर येईल अशी गाडी लावून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून उरलेली हवा काढली. नंतर भर घालावी लागली नाही.

कार्पेट वाळलं असं मला वाटत होतं. सीट काढून ते उचललं तेव्हा खालचा फोम पिळून अर्धी बादली भरली. तो उन्हात टाकून आज चौथा दिवस आहे, अजून बोटाला गार लागतोय.