डीएसडी वन कशी दिली, माझा अनुभव

मागच्या वर्षी दहावीत असताना मी डीएसडी वन, म्हणजे शाळेतून देता येणारी जर्मन भाषेची परीक्षा, दिली, ज्युनिअर्स सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न, फी किती? आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. जर्मन सरकार बाहेरच्या देशांतल्या शाळांना जर्मन शिकवायला मदत करतं, २००८ पासून त्यांचा पाश नावाचा उपक्रम आहे, जगभरातल्या सुमारे २००० शाळा त्यात आहेत आणि आमची त्यातलीच एक. पेपर तिकडून येतो, निबंध तपासायलाही तिकडेच जातो. घरी दहावीच्या क्लासची फीच कशीबशी भरली होती, बाहेरच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेचे हजारो रुपये मी मागितलेच नसते.

भाग चार, वाचन, ऐकणं, लेखन आणि तोंडी. चारही भागांत बी-वन यावंच लागतं, वाचनात भरपूर मार्क पडले म्हणून ऐकण्यातले भरून निघत नाहीत. माझं ऐकणंच कच्चं, म्हणून दोन महिने रोज रात्री भांडी घासताना डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या लावायचे.

तोंडीला आपला विषय आपणच निवडायचा. मी घेतला कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा पेशवेकालीन नळ, कारण आजीच्या वाड्यात त्यावरचाच हौद आहे. तोंडीसाठी केलेल्या पोस्टरवर हौदाला मी 'ब्रुनन' लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "अगं, ती विहीर झाली, तुझ्या हौदात पाणी बाहेरून येतं ना?" मग वर कागदाची पट्टी चिकटवून 'वासरबेकन' केलं.

परीक्षेत सगळं पाठ केलेलं नीट झालं आणि मग परीक्षकांनी विचारलं, आता हे पाणी कोण वापरतं? हे तयारीत नव्हतंच. आजी अंगण धुते आणि कुंड्यांना घालते, एवढं सांगायचं होतं पण कुंडीला काय म्हणतात आठवेना, मग फूल म्हणजे ब्लूमे आणि भांडं म्हणजे टॉप्फ, दोन्ही जोडून 'ब्लूमेनटॉप्फ' म्हटलं आणि पुढे बोलत राहिले. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर खरा शब्द तोच!! म्हणून सांगते, अडलात तर थांबू नका, जवळ आहेत ते शब्द जोडा.

सर्टिफिकेट यायला काही महिने लागले. त्यावर स्टुडिएनकोलेगला, म्हणजे जर्मनीत युनिव्हर्सिटीआधी करायच्या तयारीच्या कोर्सला, भाषेचा पुरावा होतो, थेट युनिव्हर्सिटीसाठी पुढची परीक्षा डीएसडी टू लागते, ती आता चालू केलीये. पोस्टर जपून ठेवलंय, कोणाला बघायचं असेल तर शनिवारी बाईंच्या वर्गात घेऊन येते.