दातात अडकलेले केस

मार्चअखेरचा रविवार होता. रविवारी आमचा दवाखाना अर्धा दिवस, म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं आहे. दहा वाजून गेल्यावर फोन आला. ‘डॉक्टर, कुत्र्याला कुणीतरी औषध घातलंय बगा. लई धापा टाकायलंय, उठंना झालंय.’ औषध म्हणजे आपल्याकडे शेतात फवारायचं. सोलापूर जिल्ह्यात कुत्रं अचानक आडवं झालं की पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही निघतो. मी म्हटलं, घेऊन या, येताना अंगावर पाणी मारत या.

बार्शी रोडनं छोटा हत्ती आला. मागच्या हौद्यात पोत्यावर कुत्रं, त्याच्या उशाशी पंचविशीचा मालक, पुढे ड्रायव्हरशेजारी त्याचे मामा आणि एक दहा-बारा वर्षांचं पोरगं. कुत्रं बघताक्षणी लक्षात आलं, हा कारवानी, म्हणजे मुधोळकडची शिकारी जात, आणि ग्रेहाउंडचा क्रॉस. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, अंगावर चरबीचं नाव नाही. असली कुत्री राखणीला कुणी पाळत नाही.

गावातल्या कुणीतरी फोनवर ‘अॅट्रोपिन ठोका’ असा सल्ला दिला होता, म्हणजे फवारणीच्या विषावरचा उतारा. रविवारी इंजेक्शन मिळालं नाही, हे त्या कुत्र्याचं नशीब. फवारणीच्या औषधाची विषबाधा असेल तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, अंगाचे स्नायू थरथरतात, पातळ संडास होते. इथं बाहुल्या मोठ्या होत्या. तोंडात थोडा चिकट फेस, हिरड्या विटकरी लाल, जीभ बाहेर लोंबलेली. ठोके मोजायला अवघड इतके जलद, त्यात अॅट्रोपिन गेलं असतं तर ते आणखी वाढले असते. थर्मामीटर लावला. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. पारा १०८ च्या पुढे गेला.

मग बाकीचे प्रश्न बाजूला. नळाला पाइप लावून सगळं अंग भिजवलं, पोट, जांघा, काखा, पंजे, आणि वर टेबलफॅन सोडला. मालक बर्फ आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. रविवारी बर्फ शोधण्यात अर्धा तास जातो, तेवढ्यात नळाचं पाणी आणि वारा काम करतात. पुढच्या पायाला सलाईन लावलं. ताप १०३.५ ला आल्यावर पाणी बंद केलं, कारण त्यानंतरही तो आपोआप आणखी उतरतो, आणि उतरत उतरत नॉर्मलच्याही खाली जाऊ शकतो.

ताप उतरला, पण कुत्रं सुधारलं म्हणावं असं काही दिसेना. पाठीवर हात ठेवला तर कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ, दाबलं की कण्हायचं. मांड्यांचीही तीच तऱ्हा. आणि मग टेबलावरच लघवी केली. कोऱ्या कॉफीचा रंग.

लघवीचा असा रंग बघितला की आमच्या भागात पटकन आठवतो तो गोचीड ताप. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. मालकानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. ‘हां, गोचीड होते डॉक्टर, लई होते!’ विषावरून एका मिनिटात गोचिडावर आला. त्या घाईचंच मला नवल वाटलं.

रक्त काढून यंत्रात फिरवलं. हा भाग मला आवडतो, कारण इथं कुणी खोटं बोलू शकत नाही. नळीत पेशी तळाला बसतात आणि वर पाणी राहतं. पेशी रक्तातच फुटल्या असतील तर ते पाणी गुलाबी-लाल दिसतं. इथं नळी उजेडात धरली तर वरचं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं. लघवी काळी आणि रक्तातलं पाणी स्वच्छ, म्हणजे रंग पेशींचा नाही. तो स्नायूंचा. स्नायू तुटले की त्यांच्यातला मायोग्लोबिन नावाचा रंग बाहेर पडतो, रक्तात फार वेळ थांबत नाही, सरळ मूत्रपिंडात उतरतो आणि तिथल्या नळ्या खराब करतो. ग्रेहाउंडच्या डॉक्टरांना हा आजार चांगला माहीत आहे. कुत्रं बसून राहिल्यानं तो होत नाही, ताकदीबाहेर पळवल्यानं होतो.

पेशींचं प्रमाण ६० टक्के आलं होतं. दुसऱ्या कुत्र्यात हा आकडा बघून नुसतं अंगातलं पाणी आटलंय असं म्हटलं असतं. ग्रेहाउंडमध्ये ५५-६० नेहमीचंच, पळण्यासाठी प्राणवायू वाहायला जास्त पेशी लागतात. म्हणून त्या आकड्यावर विसंबलो नाही, हिरड्या आणि कातडीची चिमूट बघून सलाईनचा वेग ठरवला. या जातीला भूलही जपून द्यावी लागते. अंगात चरबी नसते आणि यकृत काही औषधं सावकाश मोडतं, त्यामुळे थायोपेंटोनसारखं जुनं औषध दिलं तर कुत्रं तासन् तास उठत नाही.

जीभ ओली करायला तोंड उघडलं तेव्हा सुळ्याच्या मागे केसांचा पुंजका दिसला. चिमट्यानं काढला. करडे-तपकिरी, मऊ केस, टोकाला काळसर. पायाच्या गाद्या सोललेल्या, पोटाखाली गवताची कुसळं.

मी तो चिमटा मालकासमोर धरला. ‘किती वेळा सोडलास?’

‘ससा मारला न्हाई डॉक्टर. सुटला की उसात.’

‘मग हे?’

तो गप्प. उत्तर दिलं पोरानं. ‘ती पैल्याचे हायती. सुटला तो तिसरा.’

मामांनी पोराकडे असं बघितलं की ते बिचारं बाहेर जाऊन गाडीत बसलं. पण गाठ सुटली. पहाटे ज्वारी काढलेल्या रानात गेले होते. धसकटात पहिला ससा उठला, कुत्र्यानं धरला. दुसरा बांध ओलांडून निसटला. ऊन चढलं तरी हौस फिटली नाही, तिसरा उठवला. त्याच्यामागं कुत्रं उसाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथंच बसलं. पाणी पाजलं होतं म्हणे, बाटलीच्या टोपणानं.

निरोगी ग्रेहाउंडचाही ताप एका शर्यतीनंतर १०५-१०६ ला जातो, पण सावलीत थोड्या वेळात उतरतो. ही कुत्री मिनिट-दोन मिनिटांच्या धावेसाठी बनलेली आहेत. आणि रानातला ससा काही सरळ पळत नाही, पळता पळता एकदम काटकोनात वळतो. दर वळणाला कुत्र्याला सगळं अंग आवरून पुन्हा वेग घ्यावा लागतो. माणूस बांधावर उभा राहून शिट्ट्या मारतो.

माझा राग शिकारीवर होताच, त्याहून जास्त होता त्या पहिल्या अर्ध्या तासावर. ‘पळवलंय’ एवढा एक शब्द फोनवर सांगितला असता तर विष आणि गोचीड यांच्यात मला फिरावं लागलं नसतं. खोटं का बोलले ते उघड आहे. रानातला ससा पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशासारखा नाही, त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे उसात सुटलेला तिसरा ससाही गुन्ह्यातच मोजायचा. हे मालकाला सांगितलं तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला. त्यांचं रान नान्नजच्या बाजूला. १९७९ पासून तिथं माळढोकचं अभयारण्य आहे, आणि हद्दीच्या आत शिकार झाली तर शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. रान नेमकं कुठलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मामा मात्र हार मानणारे नव्हते. ‘आवं डॉक्टर, ह्यो राजेरजवाड्यांचा खेळ. इंग्रज साहेब पण खेळायचे.’

खेळायचे, खरं आहे. इंग्लंडात वॉटर्लू कप नावाची सशामागं ग्रेहाउंड सोडायची मोठी स्पर्धा १८३६ पासून भरायची, दोन कुत्री एकाच वेळी सोडायची, आणि गुण मुख्यतः वेगाला आणि सशाला वळवण्याला असायचे. ‘त्या साहेबांनीच कायदा करून २००५ साली बंद केलीय, मामा,’ मी म्हटलं. मामा म्हणाले, ‘त्येंचं काय, त्येंच्याकडं थंडी असती.’ यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही.

जाताना मालकानं केसपेपरवर ‘ऊन लागलं’ एवढंच लिहायची विनंती केली. मी लिहिलं, वन्यप्राण्यामागे वारंवार पळवल्याने स्नायू व मूत्रपिंडास इजा. संध्याकाळी वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून त्या पट्ट्यात रविवारी पहाटे फेरी मारा म्हटलं, नाव सांगितलं नाही. कुणाला हे अर्धवट वाटेल. पण दवाखान्याच्या दारात पोलीस उभा केला की पुढचं कुत्रं दारापर्यंत येणारच नाही, ते शेतातच मरेल आणि ससे तर मरतच राहतील. शिकार डोळ्यांनी बघणाऱ्यानं मात्र १९२६ वर फोन करावा, वनखात्याची ती हेल्पलाइन आहे.

कुत्रं वाचलं. लघवी आधी चहाच्या रंगावर आली, मग पिवळी झाली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, उतरलं, पण मांड्या खंगल्या त्या खंगल्याच. ‘परत पळंल का?’ या प्रश्नाला मी सरळ नाही म्हणालो. आता ते कांद्याच्या वखारीपाशी बांधलेलं असतं.

परवा ते पोरगं शेळीचं औषध न्यायला आलं होतं. मामांनी मुधोळहून नवीन पिल्लू आणलंय म्हणाला. लसीला घेऊन या म्हणून सांगितलंय, आणि मामांनाच पाठव म्हटलंय.