याला खायला घालता की नाही?

सकाळी सहा-सव्वासहाला मी माझ्या कुत्र्याला, खंड्याला, घेऊन कृष्णेच्या घाटाकडे निघते. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी थांबवतंच. "ताई, रागावू नका, पण याला खायला घालता की नाही? फासळ्या मोजून घ्याव्यात." एका आजोबांनी तर खिशातून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि अर्धा पुडा त्याच्यापुढे ठेवला. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, त्यामुळे मला राग येत नाही. पण रस्त्यात उभ्या उभ्या, हातातला पट्टा ओढला जात असताना, नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

खंड्या कारवान जातीचा आहे. जत तालुक्यात माझ्या मामाकडे ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पिल्लू दोन महिन्यांचं होईस्तोवर मामाने ते आईपासून तोडू दिलं नाही. आता खंड्या साडेचार वर्षांचा आहे. आणला तेव्हा मीही मामाला हेच विचारलं होतं. मामा म्हणाला, "पोरी, ह्येच्या फासळ्या दिसल्याच पायजेत. न्हाय दिसल्या तर समज, ह्यो आता पळत न्हाय."

सांगली, सोलापूर, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकात बागलकोट, विजापूर हा या कुत्र्यांचा मुलूख. अरबस्तान-इराणकडून तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांचे हे वंशज, असं मानतात, म्हणून कारवान. कान-शेपटीला रेशमासारखे लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर, पश्मिन्यातलाच तो शब्द. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, त्यामुळे मुधोळ हाउंड हे नावही रूढ झालं. २००५ मध्ये टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. एवढा मान असलेलं जनावर आपल्याच जिल्ह्यात 'उपाशी' दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही नजरेने शिकार करणारी कुत्री. वास काढत हिंडायचं नाही; लांबवर काही हललं की सुटायचं. माळावरचा ससा गाठायचा तर अंगावर चरबीचं ओझं चालतच नाही. छाती खोल, कारण आत फुप्फुसांना आणि मोठ्या हृदयाला जागा हवी. पोट मात्र आत ओढलेलं, पाठ किंचित कमानदार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने पाय बदलत नाहीत. ज्वारी निघाली की मामाच्या रिकाम्या रानात मी त्याचा पट्टा सोडते. तो पळतो तेव्हा अंग आधी मुठीसारखं आवळतं, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येतात, मग सगळं अंग लांबच लांब ताणलं जातं. एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवर नसतात. ते एकदा पाहिलंत तर फासळ्यांचा प्रश्न तुमच्या ओठांवर येणार नाही.

आता खाण्याबद्दल. दोन वेळा जेवतो. सकाळी ज्वारीची भाकरी चुरून त्यात उकडलेली अंडी; संध्याकाळी बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन, थोडा भात, लाल भोपळा. प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलंय. शिजवलेली हाडं अजिबात नाहीत, त्यांच्या चिरफळ्या होऊन आतड्यात घुसतात. "कुत्र्याला भाकरी कशी चालते?" असंही विचारतात. लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं बसल्याचा तो परिणाम. अर्थात नुसत्या भाकरीवर भागत नाही, मांस-अंडी हवीतच. जेवण झालं की निदान तासभर पळणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडायची भीती असते आणि पीळ पडला तर हातात काही तासच असतात.

अंगावर गादी नाही म्हणून त्याला अंथरूण जाड लागतं, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो. मान डोक्याहून जाड, त्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. ओढला की आवळणारा रुंद पट्टा घ्यावा. मांजर दिसलं की हाका कानापर्यंत पोचत नाहीत, म्हणून गावात पट्टा कधीही सोडायचा नाही. भुलीचं औषध देण्याआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगायची, कारण काही औषधं अशा बारीक कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

आपल्या डोळ्यांना गुबगुबीत कुत्रा म्हणजे लाडाचा कुत्रा, अशी सवय झाली आहे. गल्लीतला लॅब्रॅडॉर चार पावलांवर धापा टाकत बसतो आणि लोक कौतुकाने म्हणतात, छान पोसलाय. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर त्यांच्या जन्मभर चाललेला अभ्यास २००२ मध्ये छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी खायला दिलं. कमी खाणारी सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, हे ज्याचा कुत्रा गेलाय त्याला विचारा.

इतकं सगळं माहीत असूनही माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. घाटावरच्या एक काकू म्हणाल्या, "हा जास्तच वाळलाय हो." मी सवयीने म्हणाले, "काकू, ही जातच तशी असते." आठवडाभर मी हेच म्हणत राहिले. तो जेवण अर्धं टाकत होता, मला वाटलं पावसाळी हवा. मग एका रात्री तो पाठीवर लोळत असताना पोटावरच्या विरळ केसांत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, पिठासारख्या पांढुरक्या. ताप १०४. रक्तात प्लेटलेट ३८ हजार, ज्या एरवी दीड-दोन लाखांच्या वर असतात. गोचीडताप. वजन २४ किलोवरून २१ वर आलं होतं. तीन किलो माझ्या डोळ्यांदेखत गेले आणि मी लोकांना जात समजावत होते.

अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. मी रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर झोपायची आणि मध्येच उठून श्वास बघायची. पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात शेवटची गोचीड सापडली, मुगाएवढी फुगलेली. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. नखाने चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. आणि नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. ही गोचीड भिंतीच्या फटींत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. आम्ही सगळं घर फटीफटीने झाडून औषध मारलं. तेव्हापासून गोचीड प्रतिबंधक गोळीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते.

म्हणून आता बारीक आणि आजारी यांतला फरक मी डोळ्यांवर सोडत नाही, हाताने बघते. तुम्हीही तुमच्या कुत्र्यावर करून बघा. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या पेरांवरून फिरवा: फासळ्या अशा टोचल्या तर कुत्रा खंगलाय. मूठ उघडून तळव्यावर बोटं फिरवा: अशा दडलेल्या असतील तर तो लठ्ठ आहे. हात पालथा करून बोटांच्या मुळाशी चाचपा: हाडं लागतात, पण वर मऊ पातळ थर आहे. फासळ्या तशा लागल्या पाहिजेत. कारवानाच्या शेवटच्या तीन-चार फासळ्या नजरेला दिसणारच. पण पाठीचा कणा करवतीसारखा वर आला, केसांची चकाकी गेली, हिरड्या फिक्या पडल्या, तर डॉक्टरांकडे जायचं. त्याच दिवशी.

त्या काकूंना मी नंतर घरी बोलावून चहा दिला. खंड्या परक्याला अंगाला हात लावू देत नाही, त्यांना मात्र देतो. अजूनही त्या भेटल्या की आधी त्याच्या बरगडीवर हात ठेवतात आणि मग मला विचारतात, "वजन केलंस का गं?" दर रविवारी करते. त्याला उचलून काट्यावर उभी राहते आणि त्यातून माझं वजन वजा करते. परवा २३ किलो ८०० ग्रॅम भरला.