जिप्सम पार्टिशन, भाग ४: ३०० ग्रॅम स्क्रू कुठे गेले?

रविवारी संध्याकाळी साडेसातला स्क्रू संपले. तीन बोर्ड भिंतीला टेकवलेले, स्टडांमधला (पत्र्याच्या उभ्या खांबांमधला) आवाज अडवणारा रॉकवूल उघडा, लेक तबला मांडीवर घेऊन विचारतेय, "बाबा, आज होणार होतं ना?" आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याचं शटर खाली.

मागच्या वेळी ट्रॅक (खाली-वर आडव्या पत्र्याच्या पट्ट्या) ठोकून स्टड उभे झाले होते, तिथून पुढे सांगतो. नव्यांसाठी एवढंच की दोन खोल्यांमधली ही भिंत १२ फूट लांब आणि ९ फूट उंच. स्टड ४८ मिमीचे, दर २ फुटांवर. दोन्ही अंगांना १२.५ मिमीचा ६ बाय ४ फुटांचा जिप्सम बोर्ड. दोन्ही खोल्यांना आपापली दारं आहेत, म्हणून पार्टिशनमध्ये दार नाही. एवढं एक नशीब.

स्क्रूंचा हिशेब मी आधीच्या भागात फुशारकीने सांगितला होता: चौरस फुटाला एक. एका बाजूचे १०८ चौरस फूट, दोन्ही बाजूंचे २१६, वर १५ टक्के म्हणजे २४८. किचनमधल्या काट्यावर १०० स्क्रू तोलले (२५ मिमीचे काळे, १२१ ग्रॅम भरले) आणि दुकानातून सुटे ३०० ग्रॅम आणले. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, पाचशे नगांचं पाकीट घ्या." मी हसलो होतो.

ते पुरले नाहीत, म्हणून रात्री जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. पहिल्या बाजूला नीट बसलेले १४१, वाया गेलेले ३१. दुसऱ्या बाजूची एक ४ फूट रुंद उभी पट्टी खालपासून वरपर्यंत झाली होती, तिथे ४६ आणि ४. झाले २२२. झाडू मारल्यावर ११ सापडले. उरलेले १५ कुठे आहेत ते देव जाणे. त्यातला एक मला सोमवारी पहाटे पायाखाली मिळाला, तो मोजणीत धरलेला नाही.

आता पहिला घोळ. चौथीच्या स्कॉलरशिपला रस्त्याच्या कडेला झाडं लावायचं गणित असायचं, आठवतंय? १०० मीटरचा रस्ता, दर १० मीटरला एक झाड, उत्तर ११. मी तिथेच आपटलो. ६ फुटी बोर्डात दर फुटाला स्क्रू मारला तर एका उभ्या ओळीत ६ नाही, ७ लागतात. ४ फूट रुंदीत तीन ओळी, म्हणजे २१. वरच्या आणि खालच्या कडेला, ट्रॅकवर किंवा सांध्यामागच्या पत्र्याच्या आडव्या पट्टीवर, स्टडांच्या मध्ये आणखी दोन-दोन. एकूण २५. आणि ९ फुटांच्या भिंतीत ६ च्या जोडीला ३ फुटी तुकडा येतोच. त्याला १२ अधिक ४, म्हणजे १६. क्षेत्रफळ अर्धं, पण स्क्रू निम्म्याहून बरेच जास्त, कारण कडा तेवढ्याच. एका पट्टीला ४१, एका बाजूला १२३, दोन्हींना २४६.

२४६! मी आणले होते २४८. म्हणजे ज्याला मी १५ टक्के वाढीव समजत होतो ते मुळातच लागणार होते. वाया जायला हिशेबात फक्त दोन होते.

क्षेत्रफळाचा नियम चूक नाही, पण तो आठ-दहा फुटी अखंड बोर्डांना बरा पडतो. आपल्याकडे लिफ्टमध्ये मावतो तो ६ बाय ४, आणि मग सांधे वाढतात. सांध्यावरच्या स्टडवर दोन बोर्ड येतात आणि दोघांनाही आपापली ओळ लागते, हे विसरू नका. छताला तर अंतर ३०० ऐवजी २३० मिमी धरतात, तिथे आकडा अजून चढतो.

पण १२३ च्या जागी १४१ का? त्याला कारण हात. मोजपट्टी न लावता मारत गेलं की अंतर आपोआप कमी होत जातं, खासकरून संध्याकाळी. दुसऱ्या बाजूच्या उरलेल्या बोर्डांवर आधी पेन्सिलने खुणा केल्या, प्रश्न मिटला.

खरं डोकं खाल्लं ते वाया गेलेल्या ३१ नी. यातले बरेच असे की स्क्रू फिरतोय, फिरतोय, पत्र्यात पकडतच नाही, आणि शेवटी डोकं बोर्डावरचा कागद फाडून आत. कागद फाटला की तो स्क्रू मेला. काढायचा, दोन इंचांवर दुसरा मारायचा. आधी वाटलं ड्रिलची बिट (स्क्रूच्या डोक्यात बसणारं टोक) झिजलीय. नवी लावली. मग स्क्रूंवर संशय, लाकडाचे जाड आट्यांचे दिले की काय? नाही, बारीक आट्यांचेच होते. ड्रिलचा क्लच (फिरवण्याचा जोर मर्यादित ठेवणारी कडी) कमी केला, तर अर्धे स्क्रू बाहेरच राहिले.

रात्री साडेअकराला प्रत्येक वाया गेलेल्या भोकाभोवती लाल गोल काढला आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. १९ गोल दोनच उभ्या रेषांवर होते, ४ आणि ८ फुटांच्या सांध्यांवर. आणि तेही सांध्याच्या फक्त उजव्या अंगाला. सरळ खाली फरशीवर बसलो.

स्टड म्हणजे इंग्रजी सी. एक पाठ, दोन कडा, एका अंगाला उघडं तोंड. माझ्या स्टडांची तोंडं उजवीकडे होती आणि मी बोर्ड डावीकडून लावत निघालो. पहिला बोर्ड पाठीकडच्या ताठ अर्ध्या कडेवर बसला, झकास. पुढच्या बोर्डाच्या वाट्याला आला तोंडाकडचा लवचिक भाग. स्क्रू टेकला की कड मागे झुकते, टोक घसरतं, स्क्रू गरगर फिरतो. नियम उलटा आहे: जिथून सुरुवात करायची त्या टोकाकडे तोंडं हवीत. मग पहिला बोर्डच लवचिक कड धरून ठेवतो आणि दुसऱ्याला ताठ पाठ मिळते.

गंमत म्हणजे मागच्या बाजूने पाहिलं की तीच तोंडं डावीकडे येतात. म्हणजे नेहमीच्या सवयीने डावीकडून निघालो तरी तिथे बरोबरच. सोमवारी पाचशेचं पाकीट आणलं (दुकानदार काही बोलला नाही, फक्त पिशवी दिली) आणि उरलेले तीन बोर्ड लावले. हिशेब ८२ चा, नीट बसले ८४, वाया गेले ५. शेवटचा स्क्रू कागद न फाडता बरोबर खोलगट बसला तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवला. तिने बघितला.

पाकिटावर ५०० नग लिहिलंय, पण काट्यावर ५६६ ग्रॅमच भरलं, म्हणजे साधारण ४६८. कंपनीचं नाव लिहीत नाही, आपापलं तोलून बघा. स्क्रू ठरावीक खोलवर गेला की थांबवणारी कॉलरवाली बिट मात्र घ्याच. मी १५० रुपयांसाठी टाळत होतो.

हे लिहिता लिहिताच एक विचार आला. बंद केल्यावर पलीकडे तबल्याचा डग्गा अजून ऐकू येतो. आतून दुसरा थर लावावा का? साडेबारा अधिक साडेबारा २५, पत्र्यात निदान १० मिमी शिरायला हवा, म्हणजे ३५ मिमीचे स्क्रू. सांधे पहिल्या थरावर यायला नकोत, म्हणून सुरुवात २ फुटी पट्टीने: २, ४, ४, २. उभ्या ओळी नऊऐवजी दहा, ओळीला ११, म्हणजे ११० फक्त उभ्यांचे. आडव्या सांध्यांमागे पट्टी नसेल तिथे काय करायचं ते अजून ठरत नाहीये. कोणी केलं असेल तर सांगा, त्यावर सांध्यांचं टेपिंग (टेप लावून सांधे बुजवणं) थांबलंय.

शनिवारी भवानी पेठेत टिंबर मार्केटला जातोय. काटा पुसून परत ओट्यावर ठेवला होता, तो पुन्हा पिशवीत टाकलाय.